वॉकीटॉकी, ऊस आणि शेवटचं ‘नाही’

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी गावाहून चुलतभावाचा फोन. "दादा, दोन बॅटऱ्या फुगल्या. मागचं झाकणच बसंना."

बायकोला वाटलं मोटारसायकलच्या वगैरे. म्हटलं, वॉकीटॉकीच्या. "अजून चालू आहे का तुमचा तो खेळ?" असं म्हणून ती चहा टाकायला गेली.

खेळ... म्हटलं तर खेळच. पण ह्या खेळात एकदा माझ्या हातून बारावीतल्या एका पोराचा जीव जायचा राहिला. ती गोष्ट इथे लिहीन लिहीन म्हणत तीन वर्षं टाळतोय. आज लिहून टाकतो.

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या कालव्याच्या भिजणाखाली. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच बसलंय, सांभाळून घ्या.) नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर. आणि ज्यांनी तो फक्त शिर्डी आणि शिंगणापूरच्या रस्त्यावरून पाहिलाय त्यांना एक गोष्ट लक्षात येत नाही: आमच्याकडे माणसं गावात राहतच नाहीत. गावठाणात मारुतीचं देऊळ, ग्रामपंचायत, सोसायटी, दोन-चार आळ्या. बाकी सगळे आपापल्या रानात, वस्तीवर. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीला हाक ऐकू जात नाही, आणि मध्ये ऊस उभा असला तर दिसतही नाही.

जानेवारी ते एप्रिल ह्या उसाची आम्हाला धास्ती असते. तोडणीची वाट बघत उभं पीक, खाली गुडघाभर पाचट, वरून झोळ पडलेल्या तारा. वारा सुटला, तारेला तार घासली, ठिणगी पडली, की संपलं. दोन एकर ऊस जळायला फार वेळ लागत नाही. जळलेला ऊस कारखाना नेतो, पण तो झटपट गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घसरतात, वर जळीत म्हणून पैसे कापतात ते वेगळेच. आणि वस्ती उसाला खेटून असते हे विसरू नका. गोठा, कडब्याची गंज, शेडमधला गॅस, सगळं तिथेच.

आता तुम्ही म्हणाल, आगीचा बंब बोलवा की. बंब नगरपालिकेचा किंवा साखर कारखान्याचा. तो येतो, माणसं चांगली आहेत, पण तो तालुक्याच्या गावाहून येणार आणि शेवटचे दोन किलोमीटर पाणंद. एकदा कुतूहल म्हणून राज्यघटनेची परिशिष्टं चाळली. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी दोन याद्या आणल्या. शहरांसाठी बारावं परिशिष्ट, त्यात १८ विषय, आणि सातवा विषय अग्निशमन. ग्रामपंचायतींसाठी अकरावं परिशिष्ट, त्यात २९ विषय. मत्स्यव्यवसाय आहे, ग्रंथालयं आहेत, जत्रा-बाजार आहेत. आग नाही! अमेरिकेत छोट्या गावांतून स्वयंसेवकांची अग्निशमन दलं असतात, तिथल्या आग विझवणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक बिनपगारी. आपल्याकडे तसं दल कागदावर नाही, पण आग लागली की जे वीस-पंचवीस जण ट्रॅक्टर, फवारणीचा पंप आणि कोयते घेऊन धावतात तेच दल. फक्त त्यांना कोणी दल म्हणत नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये अशीच एक आग लागली. मी योगायोगाने गावात होतो. सगळ्यांच्या हातात मोबाईल, आणि सगळे सगळ्यांना फोन लावतायत. त्यामुळे सगळेच बिझी. पाण्याचा टँकर घेऊन निघालेल्याला कोणीतरी ‘पाटलाच्या वस्तीवर ये’ म्हणून सांगितलं. आमच्या गावात पाटलाच्या वस्त्या दोन, एक कालव्याच्या अलीकडे, एक पलीकडे. टँकर चुकीच्या वस्तीवर जाऊन व्यवस्थित उभा राहिला. दीड एकर गेला. माणसाला काही झालं नाही.

मी त्या रात्री ओट्यावर बसून आमच्या धंद्यातल्या माणसाने जे करायचं तेच केलं. म्हणजे प्रश्न नीट समजून घेण्याआधी वस्तू मागवली.

सहा वॉकीटॉकी. वेबसाईटवर ठळक अक्षरांत ‘लायसन्स लागत नाही’ असं लिहिलेलं. पार्सल आलं, हौसेने उघडलं, माहितीपुस्तिका वाचली आणि पोटात गोळा आला. हे सेट भलत्याच फ्रिक्वेन्सींवर चालणारे, त्यातल्या बऱ्याचशा सरकारी आणि परवान्याच्या. आपल्याकडे वायरलेस सेट वापरायला परवाना हवा हे १९३३ च्या कायद्यापासून आहे. सूट आहे ती थोड्या पट्ट्यांना, उदाहरणार्थ ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, तीही २०१८ च्या नियमांनी दिलेली, आणि सेट मान्यताप्राप्त हवा. ते सेट परत पाठवले. (पैसे मिळायला दोन महिने लागले.) पुढे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा ऑनलाईन विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, फ्रिक्वेन्सी कोणती आणि परवाना लागतो की नाही हे विकणाऱ्याने स्पष्ट सांगायला हवं म्हणून. मला तीन वर्षं उशिराच. असो. मग ४४६ वाले साधे, कमी ताकदीचे सहा सेट घेतले.

पहिला महिना धमाल. "हॅलो हॅलो, जेवला का?" "कोन बोलतंय?" "मी!" "मी कोन?" गाणी म्हणून झाली. बैलगाडा शर्यतीची कॉमेंट्री झाली. आणि ज्या दिवशी बांधावरचं गवत पेटलं त्या दिवशी सहाही जण एकदम बोलले आणि सेटमधून नुसती खरखर आली.

हे असं का होतं ते मला खरं तर पाठ असायला हवं होतं. इंजिनियरिंगला नेटवर्कच्या पेपरात ‘अलोहा’ नावाचं एक प्रकरण असतं. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि मंडळींनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली. सगळ्यांना एकच वाट, ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावं, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलावं. गणित करून बघितलं तर अशा वाटेचा जास्तीत जास्त साधारण १८ टक्केच वेळ कामी येतो. बाकी टक्कर नाहीतर शांतता. आणि त्या टोकाच्या पुढे बोलणारे वाढले तर कामी येणारा वेळ वाढत नाही, उलट घसरतो. मी हे उत्तर लिहून मार्क मिळवले होते. गावात मात्र सेट वाटताना मनात हिशोब होता तो ‘माणशी एक’ असा.

तर आता ती संध्याकाळ.

२०२३ चा फेब्रुवारी. दिवस मावळायला आलेला. कालव्याच्या पलीकडे एका वस्तीमागचा ऊस पेटला. पोरांनी काम चांगलं केलं होतं, वाऱ्याच्या बाजूला आठ-दहा सऱ्या तोडून पट्टा मोकळा केला होता, पंप चालू होता. पण एक खांब पेटून कलला आणि त्याची तार बांधावर येऊन पडली. त्या तारेपलीकडे गोठा, गोठ्यात दोन गाई दाव्याला. चुलतभाऊ डीपीपाशी, एक सेट त्याच्याकडे. तो सबस्टेशनला फोन लावत होता, लाईन बंद करा म्हणून. एक सेट माझ्याकडे, मी बांधाच्या अलीकडे. आणि चुलतकाकू गावठाणातल्या आमच्या माडीच्या गच्चीवर, तिसरा सेट घेऊन. तिला आम्ही तो दिला होता तो निव्वळ ती हट्टाने मागत होती म्हणून.

माझ्या सेटवर चुलतभावाचा आवाज आला: "...वाल्यानं लाईन बंद केली."

मी मागे वळून ओरडलो, "लाईन बंद आहे, जा!" वस्तीवाल्यांचा मोठा मुलगा, बारावीतला, तिथेच उभा होता. हातात ओला बांबू. तार बाजूला सारायची आणि गाई सोडायच्या. तो निघाला. मी तर त्याला पाठीवर थाप मारली होती!

तेवढ्यात सेटवर काकू. कोणाचं बोलणं चाललंय, कोणाची पाळी आहे, काही न बघता: "थांबा! थांबा! थांबा! त्यांच्या ओट्यावरचा दिवा जळू ऱ्हायला ना! बंद कशी?"

गच्चीवरून तिला त्या वस्तीच्या ओट्यावरचा बल्ब दिसत होता. त्याच डीपीवरचा. आम्ही आगीच्या तोंडाशी, आम्हाला धुराशिवाय काही दिसत नव्हतं. मी धावत जाऊन त्या पोराचा शर्ट मागून धरला. तारेपासून दहा-बारा फूट असेल.

चुलतभावाने जे म्हटलं होतं ते असं: "सबस्टेशनवाल्यानं लाईन बंद केली नाही."

‘सबस्टेशन’ गेलं कारण त्याने बटण दाबता दाबताच बोलायला सुरुवात केली. सेट सुरू व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात पहिला शब्द गेला. आणि ‘नाही’ गेलं कारण वाक्य संपत आलं तसा त्याचा अंगठा उचलला गेला. लाईन पुढच्या पाच-सहा मिनिटांत खरोखर बंद झाली, मग गाई सोडल्या. एकीचं कातडं भाजलं, ती जगली.

त्या रात्री झोप लागली नाही. पोराचा बाप येऊन माझे आभार मानून गेला, धावत जाऊन धरलं म्हणून. त्याला मी त्या रात्री काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की ‘जा’ म्हणणारा पण मीच होतो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बरं झालं सांगितलं." तेव्हापासून आमचं बोलणं आहे, पण जरा मोजून आहे.

पुण्याला परत आल्यावर वाचायला लागलो तेव्हा टेनेरिफचा अपघात नव्याने समजला. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटं, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं. टॉवरने डच विमानाला ‘ठीक’ म्हणून पुढे ‘थांबा, उड्डाणासाठी मी सांगेन’ असं म्हटलं. त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असं सांगितलं. दोन आवाज एकमेकांवर आदळले. डच वैमानिकांना नीट ऐकू आलं ते ‘ठीक’, पुढे कर्कश शिट्टी. ५८३ माणसं गेली. त्यानंतर विमानांच्या बोलण्याचे नियम कडक झाले. ‘उड्डाण’ हा शब्द परवानगी देतानाच उच्चारायचा, एरवी नाही, आणि आलेला हुकूम नुसतं ‘ठीक’ न म्हणता परत म्हणून दाखवायचा.

हे वाचताना वाटलं, इंग्रजीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या मध्ये येतो. आपला नकार शेवटी. क्रियापद शेवटी आणि त्याच्याही मागे ‘नाही’. केली नाही, आला नाही, मिळालं नाही. बोलताना आपला आवाजही शेवटाकडे उतरतो. म्हणजे बटण लवकर सोडणाऱ्या माणसासाठी मराठी ही फार घातक भाषा आहे. शेपूट तुटलं की वाक्य मोडत नाही, उलट धडधाकट राहतं आणि उलटा अर्थ सांगतं! जगातल्या अग्निशमन दलांची नियमपुस्तकं मी नंतर बरीच चाळली, त्यांचं भाषांतर करून गावाला द्यायचा माझा बेत होता. पण ही अडचण त्यांच्यात कुठून असणार?

नियम शेवटी काकूनेच केले. मला फक्त एक जमलं, तार असो की मोटार, ‘नाही’ वापरायचंच नाही. लाईनीला दोनच शब्द: ‘चालू’ किंवा ‘मेली’. ‘बंद’ हा शब्दच काढला, कारण खरखरीत ‘बंद’ आणि ‘बंब’ एकसारखेच ऐकू येतात. तुम्ही करून बघा. मग बंबाला ‘गाडी’ म्हणायचं ठरलं, पण हंगामात उसाच्या गाड्या दिवसरात्र चालू, तेव्हा ‘लाल गाडी’.

ठिकाण वस्तीच्या नावाने सांगायचं नाही, डीपीच्या नंबराने सांगायचं. गावातल्या १४ डीप्यांच्या कुंपणाला पोरांनी पत्र्याच्या पाट्या बांधल्या, एक ते चौदा. वायरमनलाही तेच कळतं, टँकरवाल्यालाही, आणि पाटलांचा प्रश्न मिटला. बटण दाबून मनात ‘राम’ म्हणायचं आणि मग बोलायचं. बोलून झाल्यावर पुन्हा मनात ‘राम’, मग अंगठा उचलायचा. (मी ‘एक सेकंद थांबा’ असं शिकवत होतो, कोणी थांबत नव्हतं.) ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणायचं. आणि काकू गच्चीवर. ती ज्याचं नाव घेईल तो बोलेल. एकच अपवाद, तीनदा ‘थांबा’. ते कोणीही, कधीही, कोणाच्याही बोलण्यात घुसून म्हणू शकतं आणि ते ऐकलं की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं.

काकू सातवीपर्यंत शिकलेली. पण तिला गावातल्या प्रत्येकाचा आवाज ओळखू येतो, कोणाच्या विहिरीला पाणी आहे ते माहीत असतं, आणि मुख्य म्हणजे ती कोणालाही गप्प बसवू शकते. सरपंचांनाही. "तुमचं मागून. आधी त्याला बोलू द्या."

गेल्या वेळच्या ग्रामपंचायत निवडणुकीत एका पॅनलने आणखी वीस सेट द्यायचं कबूल केलं. पोरं खूष. काकू म्हणाली, सेट नको, बॅटऱ्या द्या. तिचं बरोबर होतं. वीस माणसं एका वाटेवर आली की पुन्हा अलोहा. सहा सेटही जास्तच होतात, आगीपाशी तीन पुरतात: एक पंपाशी, एक डीपीशी, एक पट्टा तोडणाऱ्यांत. बाकीच्यांनी आपापल्या सेटवाल्याच्या आवाजाच्या टप्प्यात राहायचं. शिवाय उभ्या, हिरव्या उसात हे कमी ताकदीचे सेट तसेही काहीशे मीटरच्या पुढे रडतात. गच्चीची उंची मिळते म्हणून काकूला ऐकू जातं.

भरपूर सेट असूनही काय होतं त्याचं मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. ११ सप्टेंबर २००१ ला तिथल्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर मनोऱ्यांत जवानांच्या सेटसाठी आवाज पुढे पोचवणारी यंत्रणा बसवली होती. त्या दिवशी ती चालू करण्यात आली, पण मुख्य हँडसेटवरचं दुसरं एक बटण दाबलं गेलं नाही. चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांना वाटलं यंत्रणा बिघडली आहे, आणि उत्तर मनोऱ्यात ती वापरलीच गेली नाही. चौकशी आयोगाच्या अहवालात हे सगळं आहे. बाहेर पडा हा हुकूम अनेकांपर्यंत पोचला नाही त्याला इतरही कारणं होती, एकाच चॅनेलवर झालेली गर्दी हे त्यातलं एक. मी ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी सहाही सेटच्या नको त्या बटणांवर चिकटपट्टी लावून टाकली.

पहिली हाक मात्र आता सेटवर देत नाही. नगर, नाशिक, पुणे भागात डी. के. गोर्डे यांनी उभी केलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा अनेकांना माहीत असेल. एका टोल फ्री नंबरवर फोन करायचा, आपलं नाव, गाव आणि काय झालंय ते आपल्या आवाजात सांगायचं, तो आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर कॉल होऊन वाजतो. चोर, बिबट्या, हरवलेलं मूल, आग, कशासाठीही. मला त्यात आवडलं ते हे, की ऐकणाऱ्याला उलट बोलताच येत नाही! साधा बटणांचा फोनही चालतो. ‘डीपी नऊ, ऊस पेटलाय, कालव्याच्या पलीकडे’ एवढं सगळ्या गावाला एकदम कळतं, आणि मग पुढचं बोलणं तीन सेटवर.

तो मुलगा आता पुण्यातच आहे, डिप्लोमा करतोय. सुट्टीत गावी गेला की डीपीपाशी उभं राहायचं काम तोच मागून घेतो. त्याच्या तोंडून मी ‘चालू’ हा शब्द ऐकलाय, अगदी सावकाश, मागेपुढे राम म्हटलेला कळतो असा.

बॅटऱ्यांचं म्हणाल तर लिथियमच्या बॅटऱ्या पूर्ण भरून महिनोन्‌महिने चार्जरवर ठेवल्या की फुगतातच. लाईट कधी येईल भरवसा नाही म्हणून पोरं त्या कायम लावून ठेवतात, त्यांची तरी काय चूक. दोन नव्या मागवल्यात, यावेळी पुस्तिका आधी वाचून. जुन्या दोन काकूने वाळू भरलेल्या डब्यात घालून गोठ्यापासून लांब, चिंचेखाली ठेवल्यात. पुढच्या रविवारी जाऊन घेऊन येतो.